खुलासा: प्रोटिएज रोखलं की ग्लिओब्लास्टोमा थांबतो?
ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा आक्रमक कर्करोग. या ट्यूमरच्या पेशी प्रोटिएज म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांनी भोवतालची जाळी कापत मेंदूत पसरतात, म्हणून ती एन्झाइमं रोखली की ग्लिओब्लास्टोमा जागीच थांबेल, हा समज जुना आहे. पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. एमएमपी या प्रोटिएज गटाला रोखणारी मारिमास्टॅट गोळी रेडिएशननंतर देऊन पाहिली. आयुष्य वाढलं नाही, सांधे मात्र दुखले.

शरीरातले रोधकही सरळ वागत नाहीत. एमएमपींचा रोधक टिम्प-2 थोडा असेल तर तो पेशीवर बसलेल्या एमटी1-एमएमपीला (थोडक्यात एमटी1) चिकटून निष्क्रिय एमएमपी-2 ला धरून ठेवतो, आणि शेजारचा मोकळा एमटी1 ते कापून चालू करतो. टिम्प-2 जास्त झाला की मोकळा एमटी1 उरतच नाही, काम बंद! पीएआय-1 हा यूरोकायनेज या दुसऱ्या प्रोटिएजचा रोधक खरा, पण जाळीतल्या व्हिट्रोनेक्टिन या प्रथिनावरची पेशीची पकड सैल करून तो तिला सरकायला मदतच करू शकतो.