मोल (इंग्रजी शब्द)

इंग्रजीत एकाच स्पेलिंगने लिहिले जाणारे, पण मुळाने वेगवेगळे असलेले अनेक शब्द. अंगावरचा तीळ या अर्थाचा शब्द प्राचीन इंग्रजीतल्या ‘डाग’वाचक शब्दावरून आला. बिळे खणणाऱ्या प्राण्याचे नाव मध्ययुगीन आहे. त्याला पूर्वी ‘मोल्डवॉर्प’, म्हणजे माती उडवणारा, असेही म्हणत. शत्रूच्या यंत्रणेत वर्षानुवर्षे दडून राहणारा हेर तो ‘मोल’, हा अर्थ या प्राण्यावरूनच आला आणि १९७०च्या दशकातल्या हेरकथांमुळे रूढ झाला.

बंदराचा दगडी धक्का हा अर्थ लॅटिन ‘मोलेस’ (प्रचंड ढीग) या शब्दाकडे जातो. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली फ्रान्समधल्या डंकर्कहून सुटलेल्या सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिकांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जण बंदरातून, मुख्यतः तिथल्या पूर्वेकडच्या ‘मोल’वरून, जहाजांत चढले.

अणू-रेणूंसारखे कण मोजायचे रसायनशास्त्रातले एकक ‘मोल’ याच धक्क्याचे भाऊबंद. ‘मोलेस’चे लघुरूप ‘मोलेक्युला’, त्यावरून रेणूला मोलेक्यूल आणि त्याचा विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८९०च्या दशकात जर्मनमध्ये केलेला संक्षेप ‘मोल’. १९७१ मध्ये ते एसआय या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतले मूलभूत एकक झाले. तेव्हा व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंच्या संख्येवर बेतलेली होती. २० मे २०१९ पासून एका मोलमधल्या कणांची संख्याच ठरवून दिली आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात.

कशाचा मोल, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. ऑक्सिजनच्या अणूंचा मोल १६ ग्रॅम, रेणूंचा ३२. मिठाचे १ मोलर (म्हणजे लिटरमागे १ मोल) द्रावण करताना ५८.४४ ग्रॅम मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घेतात आणि मग १ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरतात. पूर्ण लिटर पाण्यात मीठ टाकले तर आकारमान लिटरच्या वर जाते आणि द्रावण पातळ पडते. मोरचुदात हमखास फसगत होते. त्याच्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू असल्याने १ मोलला २४९.७ ग्रॅम लागतात. निर्जल कॉपर सल्फेटचा १५९.६ हा आकडा धरून स्फटिक तोलले की द्रावण ०.६४ मोलरच होते. अमेरिकेतल्या शाळांत २३ ऑक्टोबरला ‘मोल दिन’ साजरा होतो. चित्र मात्र बहुधा त्या बिळवाल्या प्राण्याचे असते.

वैद्यकातला मोल, म्हणजे द्राक्षगर्भ (गर्भाशयात गर्भाऐवजी होणारी द्राक्षांच्या घडासारखी असामान्य वाढ), लॅटिन ‘मोला’ (जात्याची तळी) यावरून आला. दाढेला मोलर म्हणतात तेही याच जात्यामुळे. मेक्सिकोतला मिरच्या वाटून केलेला दाट रस्सा ‘मोले’ असा उच्चारतात. तो नाहुआत्ल भाषेतला ‘मोल्ली’, आणि ‘ग्वाकामोले’त तोच आहे.