वेंगुर्ले बंदर आणि त्याच्या आधाराने वाढलेले उद्योग : पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याचे नाव आज प्रामुख्याने काजूसाठी घेतले जाते. मात्र तिथल्या काजू, मीठ आणि मासळी या तिन्ही धंद्यांची मुळे बंदरात आहेत, आणि ते बंदर का मागे पडले हे समजून घेतल्याशिवाय या धंद्यांची आजची स्थिती नीट कळत नाही.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये येथे वखार उभारली. त्यामागे व्यापार होताच, पण पोर्तुगीजांच्या गोव्याची समुद्रातून नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना शिधा-पाणी पुरवणारे ठाणे जवळ असावे, ही गरज अधिक निकडीची होती. त्या वखारीची दुमजली इमारत राज्य संरक्षित स्मारक आहे. तरीही तिची जी पडझड होऊ दिली गेली, ती कोकणाच्या सागरी इतिहासाबद्दलच्या आपल्या अनास्थेची साक्ष आहे. पुढे १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाने हे बंदर इंग्रजांच्या स्वाधीन केले. घाटरस्त्यांनी बेळगावकडचा कापूस येथे उतरू लागला, आणि १८७० मध्ये किनाऱ्यापासून दूर समुद्रातील खडकांवर दीपगृह उभे राहिले.

बंदराला खरा धक्का १८८० च्या दशकात बसला. मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि बैलगाडीने घाट उतरून वेंगुर्ल्यास येणारा माल तिकडे वळला. मुंबईकडे जाणाऱ्या आगबोटी आणि किनाऱ्याने फिरणारी गलबते त्यानंतरही बराच काळ चालू राहिली, परंतु घाटावरच्या व्यापाराचे मोठे बंदर हे वेंगुर्ल्याचे स्थान गेले ते गेलेच.

मिठाची गोष्ट शेजारच्या शिरोड्याची आहे. भरतीचे पाणी खाडीतून मिठागरात घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हात आटवायचे आणि पाऊस येण्यापूर्वी मीठ ओढून रास लावायची, असे हे उन्हाळी काम. मासळी खारवायला मीठच लागते, त्यामुळे मिठागरे आणि मच्छीमारी एकमेकांना धरून होती. खारवलेला बांगडा आणि सुकी मासळी घाटापलीकडच्या बाजारांत जात असे. मे १९३० मधील मिठाच्या सत्याग्रहासाठी महाराष्ट्रातील सत्याग्रहींनी शिरोडा निवडला, तोही या मिठागरांमुळेच.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणले. कातळावर आणि डोंगरउतारावर, जिथे भात होत नाही तिथेही ते तग धरते, म्हणून कोकणात ते रुजले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ यांसारख्या जातींनी लागवडीला मोठी चालना दिली. या धंद्याचा भार मात्र प्रामुख्याने स्त्रियांच्या हातांवर आहे. बियांच्या टरफलातले तेल कातडी भाजून काढते. त्यामुळे बिया आधी भाजून किंवा वाफेवर उकडून घेतात, हाताला राख अथवा तेल लावून त्या एकेक करून फोडतात, गर वाळवून त्याची तांबूस साल काढतात आणि मग अख्खा गर व तुकडा वेगळा करतात. अख्ख्या गराला भाव अधिक मिळतो, तेव्हा फोडणारीचा हात जितका बसलेला, तितका कारखान्याचा फायदा. हे कौशल्य मजुरीच्या हिशेबात पुरेसे धरले जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतातील काजू प्रक्रियेला देशातले पीक पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून कच्ची बी मोठ्या प्रमाणावर आयात होते आणि तिच्या दराचा परिणाम स्थानिक बागायतदाराच्या बियांच्या दरावर होतो. ही आयात मोठ्या बंदरांतून होते. वेंगुर्ल्याच्या धंद्याचे भवितव्य आजही समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर अवलंबून आहे, फक्त तो माल आता वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उतरत नाही.