एरॉनॉमी

वातावरणाच्या वरच्या थरांत सूर्याचे अतिनील व क्ष-किरण वायूंचे रेणू फोडतात आणि अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. या थरांची रचना, रसायन आणि तिथले विद्युतप्रवाह यांचा अभ्यास म्हणजे एरॉनॉमी. मध्यांबर (सुमारे ५० ते ८५ किमी उंचीचा थर) आणि विद्युतभारित कणांचे आयनांबर हे तिचे मुख्य क्षेत्र. पाऊस, ढग, वादळे तिच्यात येत नाहीत.

ही संज्ञा ब्रिटिश गणिती व भूभौतिकतज्ज्ञ सिडनी चॅपमन यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये सुचवली. हवा आणि नियम या अर्थांचे ग्रीक शब्द तिच्या मुळाशी आहेत. चॅपमन यांना ती साऱ्या वातावरणविज्ञानासाठी हवी होती, पण मीटिऑरॉलॉजी हे जुने नाव रुजलेले होते. पुढे त्यांनीच ती वरच्या थरांपुरती आखून घेतली. क्षेत्राचे हे आकुंचन हिताचेच ठरले, कारण त्या थरांच्या अभ्यासाला तोवर स्वतःचे सुटसुटीत नाव नव्हते. १९५४ च्या रोम अधिवेशनात भूचुंबकत्वाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते आपल्या नावात घेतले. त्याच अधिवेशनात मातृसंस्थेचे, म्हणजे भूगणित व भूभौतिकी संघाचे, अध्यक्षपद भारतीय वातावरणशास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांच्याकडे आले.

भूचुंबकत्व आणि एरॉनॉमी एकाच नावात का, याचे उत्तर नवी मुंबईत नीट समजते. नवीन पनवेल–कळंबोली येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेत दोन्ही विषयांचे संशोधन चालते. संस्थेची परंपरा कुलाबा वेधशाळेची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून चुंबकीय नोंदींचे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले. दिवसा सुमारे १०० ते ११० किमी उंचीवर आयनांबरातून विद्युतप्रवाह वाहतात आणि त्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीवरच्या मापकांच्या नोंदी रोज ठरावीक रीतीने वरखाली होतात. म्हणजे अलिबागची नोंद जितकी पृथ्वीच्या पोटाची, तितकीच आकाशाचीही. १८५९ च्या प्रचंड सौरवादळाचे माप शोधताना संशोधक कुलाब्याच्याच नोंदींकडे वळले, हे आपल्या किनाऱ्याचे मोठे देणे आहे.

चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असते त्या रेषेवर, हा प्रवाह अरुंद पट्ट्यात एकवटतो. त्याला इलेक्ट्रोजेट म्हणतात. तो पट्टा दक्षिण भारतावरून जातो. म्हणूनच संस्थेचे एक केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीला आहे आणि केरळातील थुंबा येथून १९६३ मध्ये भारतातून पहिला अग्निबाणही याच थरांच्या अभ्यासासाठी उडाला. संस्थेच्या कोल्हापूर केंद्रावरून रडारने मध्यांबरातले वारे मोजले जातात आणि रात्रीच्या हवेची क्षीण चमक टिपली जाते.

या अभ्यासाची व्यवहारातली गरज आता वाढली आहे. उपग्रहांचे संकेत आयनांबरातून येताना मंदावतात आणि जीपीएसचे स्थान चुकते. सूर्यास्तानंतर उष्ण कटिबंधात आयनांबरात कमी घनतेचे बुडबुडे उठतात तेव्हा संकेत थरथरतात, कधी तुटतातही. विमानांसाठीच्या ‘गगन’ प्रणालीला आयनांबरामुळे येणाऱ्या चुकीची दुरुस्ती सतत पुरवावी लागते.