ट्यूलचा टूटू फ्रॉक

ट्यूल या तलम जाळीदार कापडाच्या पट्ट्या छातीशी किंवा कंबरेशी दाटीने बांधून लहान मुलांसाठी केलेल्या फुगीर घेराच्या पोशाखाला टूटू फ्रॉक म्हणतात. बॅले नृत्यातील टूटू या झग्यावरून त्याचे नाव आणि रूप आले असले, तरी दोघांच्या घडणीत मोठा फरक आहे. रंगमंचावरचा टूटू हे निष्णात शिवणकाम असून त्यात चुणीदार जाळीचे अनेक थर एकावर एक शिवलेले असतात. घरी केल्या जाणाऱ्या टूटू फ्रॉकमध्ये मात्र बहुतेक वेळा शिवण जवळजवळ नसतेच, सगळा घेर गाठींवर उभा असतो. त्यामुळे शिवणयंत्र न येणाऱ्यालाही तो करता येतो. असे असूनही तो चांगला होणे हे मापांवर, पट्ट्यांच्या दाटीवर आणि मुलाच्या अंगाला कापड कुठे लागते याच्या विचारावर अवलंबून असते.

ट्यूल हे नाव फ्रान्समधील त्याच नावाच्या गावावरून पडले. पूर्वी अशी जाळी हाताने विणत. इंग्लंडमधील जॉन हीथकोट याने 1808 आणि 1809 मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राची एकस्वे (पेटंट) घेतली आणि तेव्हापासून ती मुबलक होऊ लागली. 12 मार्च 1832 रोजी पॅरिस ऑपेरामध्ये ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी ताग्लिओनी ही नर्तकी पांढऱ्या, तरल, घोट्याच्या वर राहणाऱ्या घेरदार झग्यात नाचली आणि त्या धर्तीचा झगा नर्तकींचा ओळखीचा वेश झाला. पुढे पायांची हालचाल दिसावी म्हणून झगा आखूड होत गेला. मुलांच्या फ्रॉकमध्ये लांब आणि आखूड अशी दोन्ही रूपे आढळतात.

हा फ्रॉक शिवणीवाचून होऊ शकतो याचे कारण ट्यूलच्या वीणीत आहे. साध्या विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे नुसते एकमेकांवरून गेलेले असल्याने कापलेल्या कडेला दशा निघतात. ट्यूलमध्ये धागे एकमेकांना वळसे देऊन सहा बाजूंची घरे तयार करतात, त्यामुळे कापलेली कड आहे तशी राहते आणि ती दुमडून शिवावी लागत नाही. आजचे ट्यूल बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे असते. कडक ट्यूल चांगले फुगते पण टोचते. मऊ ट्यूल अंगाला सुखावते पण पडते राहते. लहान मुलासाठी मऊच निवडावे आणि फुगीरपणा पट्ट्यांची संख्या वाढवून मिळवावा, हे अधिक शहाणपणाचे आहे. चमकी लावलेल्या ट्यूलची चमकी झडते आणि हातांवाटे तोंडात व डोळ्यांत जाते, म्हणून ते अगदी लहान मुलांसाठी टाळलेलेच बरे.

फ्रॉकचा वरचा भाग म्हणून सामान्यतः क्रोशाची लवचीक, जाळीदार नळीसारखी पट्टी वापरतात आणि तिच्या खालच्या ओळीतील भोकांत पट्ट्या बांधतात. नुसता घागरा करायचा असल्यास सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक पुरते. ते कंबरेच्या मापापेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमी धरून आणि जोडासाठी दोन सेंटिमीटर जास्त ठेवून कापतात व जोडावर चौकोनी शिलाई मारतात. इलॅस्टिक याहून आखूड घेतले तर ते पोटाला काचते, आणि सैल घेतले तर भिजल्यासारखे खाली ओघळते, कारण सगळ्या जाळीचा भार त्याच्यावरच असतो.

पट्टीची लांबी घागऱ्याच्या लांबीच्या दुप्पट आणि वर गाठीसाठी दोन सेंटिमीटर अशी धरतात, कारण प्रत्येक पट्टी मधोमध दुमडून बांधली जाते. उदाहरणार्थ, 30 सेंटिमीटर लांबीच्या घेराला 62 सेंटिमीटरची पट्टी लागते. कंबरेचा घेर 46 सेंटिमीटरचा असेल आणि पट्टी 15 सेंटिमीटर रुंद असेल, तर साधारण 60 पट्ट्यांनी तो दाट भरतो. म्हणजे 37 मीटरहून थोडे अधिक ट्यूल लागते. पंधरा सेंटिमीटर रुंदीचे ट्यूल रिळावर गुंडाळलेले मिळते. 25 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 23 मीटरच्या एका रिळातून अशा 36 पट्ट्या निघतात, तेव्हा दोन रिळे पुरून उरतात. पट्ट्या एकेक मोजून कापणे कंटाळवाणे असते आणि निसटत्या जाळीमुळे त्या लहानमोठ्याही होतात. त्याऐवजी 31 सेंटिमीटर उंचीचा पुठ्ठा घेऊन त्याच्याभोवती ट्यूल न ताणता गुंडाळावे आणि एकाच कडेने धारदार कात्री चालवावी. पुठ्ठ्यावरून सुटलेली प्रत्येक पट्टी बरोबर 62 सेंटिमीटरची निघते.

गाठ मारण्याची रीत एकच असली तरी सगळा फ्रॉक तिच्यावर अवलंबून असतो. इलॅस्टिक खुर्चीच्या पाठीवर किंचित ताण देऊन चढवतात. पट्टी मधोमध दुमडली की एका टोकाला लूप तयार होतो. तो इलॅस्टिकच्या मागून वर काढायचा, पट्टीची दोन्ही टोके त्यातून ओवून घ्यायची आणि खाली ओढायची. अशी गाठ इलॅस्टिकवर सपाट बसते आणि पट्टी सरळ खाली पडते. नेहमीची साधी गाठ मारली तर टोके बाजूंना आणि वर फिरतात आणि घेर विस्कटल्यासारखा दिसतो. गाठ इतकीच आवळावी की फास मिटेल. फार ओढल्यास इलॅस्टिक दोरीसारखे पिळवटते. दर आठ-दहा गाठींनी त्या बोटाने एकमेकींकडे सरकवून पाहाव्यात. खुर्चीच्या ताणावर चिकटून दिसणाऱ्या गाठी ताण काढल्यावर आणखी दाटतात, म्हणून शेवटच्या काही पट्ट्या इलॅस्टिक खुर्चीवरून उतरवल्यावर बांधणे चांगले. दोन रंग घ्यायचे असल्यास ते एकाआड एक बांधण्याऐवजी गडद रंगाच्या दोन आणि फिक्या रंगाची एक अशा क्रमाने बांधल्यास छटा अधिक खोल दिसते. क्रोशाच्या पट्टीवर दोन ओळींत पट्ट्या बांधल्या तर वरचा थर खालच्यावर पसरतो आणि कमी कडक ट्यूलही छान उचलून येते. शेवटी मुलाला फ्रॉक घालून, त्याला सरळ उभे करून खालची कड सारखी करावी. टेबलावर पसरून सारखी केलेली कड अंगावर वाकडी दिसते.

गाठींची आतली बाजू पोटाला किंवा छातीला घासते, ही या पोशाखातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. मूल रडते ते बहुधा फ्रॉक नको म्हणून नव्हे, तर या गाठी बोचतात म्हणून. गाठींवरून मऊ सुती कापडाची पट्टी दुमडून धावदोऱ्याने बसवावी, किंवा आत सुती अस्तर अथवा अंगरखा घालावा. रांगणाऱ्या मुलाच्या फ्रॉकची लांबी गुडघ्याच्या वरच ठेवावी, नाहीतर जाळी गुडघ्याखाली अडकून मूल पुढे तोंडावर पडते. खांद्यावरचे पट्टे मागे फुलीत नेऊन शिवलेले चांगले. मानेमागे गाठ मारायची मोकळी फीत टाळावी. मुलांच्या कपड्यांसाठीच्या युरोपीय मानकातही सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी दोऱ्या नसाव्यात, असे ठरवलेले आहे. फुले, मोती, बटणे डिंकाने न चिकटवता टाक्यांनी घट्ट बसवावीत. तीन वर्षांखालील मुलांसाठी मोती नकोतच. गरम डिंकाची बंदूक वापरली तर डिंक जाळीच्या घरांतून आरपार येऊन बोट भाजतो आणि ट्यूलही वितळते.

आगीचा धोका याहून गंभीर आहे. जाळीत कापड कमी आणि हवा अधिक असल्याने ज्योत झपाट्याने वर चढते. कृत्रिम धाग्याचे ट्यूल वितळून कातडीला चिकटते. एकोणिसाव्या शतकात गॅसच्या दिव्यांपाशी नाचताना अनेक नर्तकींचे झगे पेटले. पॅरिस ऑपेराची तरुण नर्तकी एमा लिव्री हिचा झगा नोव्हेंबर 1862 मध्ये तालमीच्या वेळी पेटला आणि जुलै 1863 मध्ये ती त्या जखमांनी मरण पावली. ज्वालारोधक द्रावणात बुडवलेले कापड तेव्हा उपलब्ध होते, पण त्याने जाळी कडक व मळकट होते म्हणून तिने ते नाकारले होते. टूटू फ्रॉक घातलेल्या मुलाला वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यांजवळ वाकू देऊ नये. मोठ्या माणसाने मागे उभे राहून घेर दोन्ही हातांनी मागे धरावा, किंवा मेणबत्त्या विझल्यावरच मुलाला पुढे आणावे.

फ्रॉक थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुतात आणि न पिळता सुकवतात. चुरगळलेली जाळी वाफेवर धरून झटकली की पुन्हा उठते. इस्त्री लावायचीच झाली तर अगदी मंद आचेवर, मध्ये सुती कापड ठेवून लावावी. कपाटात तो घडी न करता, कंबरेकडून टांगून ठेवल्यास घेर दबत नाही. मूल वाढले आणि इलॅस्टिक काचू लागले, तर गाठी एकेक सोडवून त्याच पट्ट्या मोठ्या इलॅस्टिकवर बांधता येतात. वाढलेल्या घेरासाठी दहा-बारा पट्ट्या नव्याने घालाव्या लागतात, आणि आधी गुडघ्याखाली येणारी लांबी आता गुडघ्यावर येते.