स्मृतिभ्रंश : कोकणातील ओळख आणि वाडीचा आधार

स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणजे आठवण, भाषा, हिशेब, दिशांचे भान आणि निर्णयशक्ती इतकी ढासळणे, की माणसाला रोजचे व्यवहार एकट्याने जमेनासे होतात. हा एकच आजार नव्हे. मेंदूच्या अनेक आजारांतून येणारी ती अवस्था आहे. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णन केलेला आणि पुढे त्यांचेच नाव मिळालेला आजार हे तिचे सर्वांत मोठे कारण असून ६० ते ७० टक्के रुग्ण त्यात मोडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाड, मेंदूच्या पेशींत प्रथिनाच्या गुठळ्या साचणारा लेवी बॉडी हा विकार आणि मेंदूच्या पुढच्या भागाची झीज ही इतर कारणे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले.

कोकणाने हे वाक्य स्वतःसाठी वाचायला हवे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावते हात मुंबईत आणि गावच्या घरात म्हातारी आई, हे इथले जुने चित्र आहे. त्यामुळे आजार सुरू होतो तेव्हा तो ओळखणारे घरात बहुधा कोणी नसते. फोनवर तो कळत नाही. “जेवलंस काय?” “जेवलंय.” “पाऊस?” “पडता.” वर्षानुवर्षे ठरून गेलेल्या या प्रश्नोत्तरांना ताजी आठवण लागतच नाही. चाकरमानी चतुर्थीला येतात, आई चार वेळा तोच प्रश्न विचारते, डब्यात बुरशी आलेले पीठ सापडते आणि मग “यंदा आई जरा थकली” असे म्हणून माणसे अनंत चतुर्दशीनंतर परतीची गाडी पकडतात.

या आजाराला गावात तयार शब्द आहेत : म्हातारचळ, साठी बुद्धी नाठी. शब्द मिळाला की विषय संपतो. वयाचे विसरणे आणि आजार यांतला फरक मात्र रोजच्या कामात दिसतो. कोकमाची सोले उन्हात घातलेली विसरली आणि पाऊस आल्यावर आठवली, हे वय. पन्नास वर्षे मोदक वळणारी बाई उकड मळून झाल्यावर पुढे काय करायचे हे न सुचून परातीपुढे बसून राहिली, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. वाडीत ही चाहूल कधी कधी वाण्याला आधी लागते, कारण आठवड्यात तिसऱ्यांदा मिठाची पिशवी नेलेली त्याने पाहिलेली असते.

काहींना, विशेषतः लेवी बॉडी विकारात, खोलीत नसलेली माणसे किंवा लहान मुले स्पष्ट दिसतात. अशा वेळी घरचे बाधा झाली म्हणून देवाला गाऱ्हाणे घालतात, कौल घेतात. त्याने घरच्यांना धीर येत असेल तर त्याला हसू नये. पण डॉक्टरकडे जाणे त्यासाठी पुढे ढकलू नये. थायरॉईडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, पडल्यावर कवटीच्या आत साचलेले रक्त यांनीही अशीच लक्षणे येतात आणि उपचाराने बरीच सुधारतात. भ्रम एक-दोन दिवसांत अचानक आला असेल तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नव्हे. मागे लघवीचा संसर्ग असू शकतो, पावसाळ्यात तापाबरोबर आला तर लेप्टोसारखा आजारही असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा. खऱ्या अल्झायमरवर डोनेपेझिलसारखी औषधे काही काळ थोडा आराम देतात, आजार बरा करत नाहीत. घरच्यांनी मनाने दिलेल्या झोपेच्या गोळ्यांनी गोंधळ आणि पडण्याचा धोका दोन्ही वाढतात.

सर्वांत अवघड वेळ तिन्हीसांजेची. उजेड उतरू लागला की बेचैनी वाढते आणि स्वतःच्या पडवीत बसलेली बाई म्हणते, “माका घराक जावचा आसा.” अल्झायमरमध्ये ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या मागे उरतात. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीचे माहेर तिला समोर दिसते आणि ज्या घरात संसार झाला ते परके वाटते. “हेच तुझे घर” असे बजावून भीतीच वाढते. “जाऊया हां, आधी चहा घेऊ,” असे म्हणून खळ्यात, म्हणजे अंगणात, दोन फेऱ्या मारल्या, माहेरी कोण कोण होते ते विचारले, दिवे जरा आधी लावले, तर ती वेळ टळते. हे खोटे बोलणे नव्हे. तिला हवी असते ती ओळखीची ऊब, आणि ती देता येते.

घरी जायला निघालेली माणसे खरोखर निघतात. शहरात धोका रहदारीचा असतो. इथे तो विहिरीचा, पावसाळ्यात फुगलेल्या व्हाळाचा म्हणजे ओढ्याचा, भरतीच्या पाण्याचा आणि सड्याचा, म्हणजे उघड्या कातळी पठाराचा आहे, जिथे भर दुपारी सावलीला झाडही नसते. बिनकठड्याच्या विहिरीवर जाळी बसवणे, बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, वाजणारी घंटा बांधणे, कपड्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवणे ही साधी कामे आहेत. वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरला आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना आधीच सांगून ठेवावे. लाज वाटून हे लपवणारे घर पुढे एकटे पडते. माणूस दिसेनासा झालाच तर तासभरही वाट न पाहता वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकावा, पोलिसांना कळवावे आणि आधी पाण्याच्या जागा पाहाव्यात.

वाडीकडे देण्यासारखे खूप आहे. हातांची आठवण बहुधा बरीच उशिरा जाते. मुलाचे नाव विसरलेला मच्छीमार फाटके जाळे मांडीवर घेतो. अंगठा भोक चाचपतो, सुई फिरते, गाठ बसते, नजर मात्र दुसरीकडेच असते. भजनाचेही तसेच. गप्पांत हरवलेले आजोबा गजर सुरू झाला की ठेक्यात टाळ धरतात. म्हणून अशा माणसाला “त्याला काय कळतंय” म्हणून मागच्या खोलीत ठेवणे हे त्याचे उरलेले आयुष्य कमी करणे आहे. त्याला भजनात मांडीला मांडी लावून बसवावे, निवडायला काजू द्यावेत. काम नीट होते की नाही हा प्रश्नच नाही.

सरकारी यंत्रणेचा सर्वांत जवळचा धागा आशाताई. तिशीपुढच्या लोकांसाठी त्या जी तपासणी यादी भरतात, तिच्यात साठीपुढच्यांना ‘जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का’ असा प्रश्न आहे. चांगला प्रश्न आहे, पण होकार येईपर्यंत आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो, आणि उत्तर रुग्णानेच दिले तर ते ‘नाही’च येते. शेजारणीला विचारावे. पुढचा टप्पा प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या नावाची भीती बाळगून तपासणी टाळणारी घरे आहेत. बाह्यरुग्ण विभागात दाखवणे म्हणजे तिथे ठेवणे नव्हे. मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ हे क्रमांक मोफत आहेत.

कोकणात जमिनीचा प्रश्न लगेच येतो. सातबारावर सामाईक नावे, गिऱ्हाईक दारात आणि सही करणाऱ्याला आपण काय लिहून देतो हे कळत नाही. मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले, हा समज चुकीचा आहे : देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायद्यानुसार ते संपुष्टात येते. म्हणून मृत्युपत्र आणि बँकेत नॉमिनी नेमण्याचे काम समज शाबूत असताना, आजार कळताच करावे.

सांभाळणारी बहुधा सून असते, नाहीतर स्वतः सत्तरीची बायको. रात्री चार वेळा उठून तिची कंबर जाते आणि तक्रार केली तर वाईट तीच ठरते. वाडीतल्या कोणी आठवड्यातून दोन दुपारी येऊन बसले तर तिला बाजार, दवाखाना किंवा नुसती झोप मिळते. गावोगावची मुंबईतली ग्रामस्थ मंडळे देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे उभे करतात. तोच पैसा आणि तीच शिस्त अशा सोबतीणींच्या मानधनासाठी वापरता येईल.

‘मुंबईला नेऊ’ हा निर्णय चतुर्थीच्या गर्दीत, घाईत होतो. जागतिक अल्झायमर दिन २१ सप्टेंबरला, काही वर्षी त्याच दिवसांच्या आसपास येतो. जागा बदलली की गोंधळ वाढतो, आणि चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या खोलीत सकाळी डोळे उघडल्यावर माड दिसत नाहीत. नेणे टळत नसेल तर आधी आठ दिवस नेऊन पाहावे. सोबत तिची गोधडी, रोजचा तांब्या आणि देव्हाऱ्यातली मूर्ती न्यावी, खाट गावच्या घरात होती त्याच बाजूला भिंतीला लावावी आणि रात्री संडासापर्यंतचा दिवा चालू ठेवावा.