क्लासिकल लँडस्केप : बाहेर बघायचं, घरात रंगवायचं

ऑइलमध्ये क्लासिकल लँडस्केप, म्हणजे निसर्गातले तुकडे जुळवून रचलेलं आदर्श निसर्गचित्र, शिकायचं म्हणून बरेच जण थेट ईझल उचलून नदीकाठी जातात, पण मुळात ही चित्रं तिथे पूर्ण व्हायचीच नाहीत. 17व्या शतकात रोममध्ये राहणाऱ्या पुसँ आणि क्लोद लोराँ या दोन फ्रेंच चित्रकारांनी हा प्रकार नावारूपाला आणला, त्याआधी इटालियन चित्रकार काराच्चीने वाट पाडून ठेवलेली, आणि त्यातली झाडं, पडकी देवळं, पाणी सगळं स्टुडिओत जुळवलेलं असायचं. क्लोदचा मित्र झान्ड्रार्ट सांगतो की हा पठ्ठ्या पहाटेच्या आधीपासून माळावर पडून उजेड कसा बदलतो ते बघायचा, दिसेल त्या छटेचा रंग कालवायचा आणि घरी येऊन तो चित्रात लावायचा.

पॅरिसच्या चित्रकला अकादमीत मात्र निसर्गचित्राला फार मान नव्हता, 1667 मध्ये कलालेखक फेलिबियाँने चित्रप्रकारांची जी उतरंड मांडली तिच्यात इतिहास-पुराण वर आणि निसर्ग बराच खाली, त्यामुळे चित्राला पौराणिक निमित्त असलेलं बरं, मग ती माणसं बोटभर उंचीची का असेनात.

शिकवण्याची नीट पद्धत बसवली ती फ्रेंच चित्रकार वालाँसिएनने. 1800 च्या पुस्तकात त्याने सरळ सांगितलंय की बाहेरची स्टडी, म्हणजे समोर बघून केलेलं सरावचित्र, जास्तीत जास्त दोन तासांत उरका, सूर्योदय-सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात, कारण तोवर उजेड पळालेला असतो. स्वतः त्याने रोममध्ये कागदावर ऑइलने नुसती छपरं आणि ढग रंगवलेत, काय ताजे वाटतात आजही! पण ती त्याच्या लेखी फक्त तयारी.

1816 मध्ये ऐतिहासिक लँडस्केपसाठी वेगळं रोम प्राइझ (जिंकणाऱ्याला रोममध्ये शिकायला पाठवणारी फ्रेंच सरकारी स्पर्धा) सुरू झालं, दर चार वर्षांनी, आणि त्यात एक फेरी झाडाची, म्हणजे सांगितलेलं झाड समोर नसताना आठवणीतून रंगवायचं. फोटोवरून कॉपी करणाऱ्या आपल्यासारख्यांची तिथे दांडीच उडेल. 1817 चं पहिलं बक्षीस वालाँसिएनच्या शिष्याला, मिशालोंला मिळालं, 1863 मध्ये ते बंदही झालं.

मिशालोंकडे शिकलेला फ्रेंच चित्रकार कोरो 1825 ला इटलीत गेला. त्याचं तिथल्या नार्नी गावच्या पुलाचं 1826 चं स्केच लूव्हरमध्ये आहे आणि त्यावरून केलेलं 1827 चं मोठं चित्र कॅनडात ओटावाच्या नॅशनल गॅलरीत, दोन्ही नेटवर शेजारी लावून बघा : स्केचमध्ये पुढे नुसती खडबडीत माती आहे, मोठ्या चित्रात तिथे वाट, मेंढपाळ, शेळ्या आणि बाजूला छत्रीसारखे पाइन आलेत. मला स्केच जास्त आवडतं, पण शिकायला मिळतं ते या फरकातूनच.