आरएफसी क्रमांक मिळाला म्हणजे मानक झालं असं नाही

‘आरएफसी क्रमांक मिळाला की ते इंटरनेटचं मानक, पाळायलाच हवं.’ वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर हे वाक्य अनेक वर्षं फिरतंय. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तंत्राबद्दलचे क्रमांक दिलेले दस्तऐवज. क्रमांक म्हणजेच मानक असं वाटणं साहजिक आहे, कारण सगळे आरएफसी दिसायला सारखेच: तीच मांडणी, एकाच मालेतले क्रमांक.

पण ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या पूर्ण नावाचा अर्थच मुळी ‘अभिप्राय द्यावा ही विनंती’ असा आहे. १९६९ पासूनच्या या मालेत मानकं आहेत, प्रयोगांची टिपणं आहेत आणि नुसती माहितीही आहे.

खात्री करायला पहिलं पान पुरतं. वर डाव्या बाजूला ‘कॅटेगरी’ अशी ओळ असते. २०१४ चा आरएफसी ७३२२ उघडून बघा. आरएफसी कसे लिहावेत, हे सांगणारा हा दस्तऐवज, आणि त्याच्यावर स्पष्ट लिहिलंय ‘इन्फर्मेशनल’. म्हणजे शैलीचे नियम सांगणारा आरएफसीसुद्धा मानक नाही. ‘स्टँडर्ड्स ट्रॅक’ असेल तर तो मानकाच्या वाटेवरचा.

कॅपिटल अक्षरांतल्या ‘मस्ट’ (करायलाच हवं) या शब्दावरूनही निष्कर्ष काढू नका. त्याचा नेमका अर्थ १९९७ च्या आरएफसी २११९ ने ठरवून दिलाय, पण तो शब्द प्रयोगाच्या टिपणातही येऊ शकतो. तिथली सक्ती ती पद्धत वापरणाऱ्यापुरतीच.

अगदी जुन्या आरएफसींवर मात्र ही ‘कॅटेगरी’ची ओळ सापडत नाही. त्यांचा दर्जा आरएफसींच्या ऑनलाइन सूचीत क्रमांकासमोर दिलेला असतो.